सोपवलेल्याचा हिशोब : कॅथलिक धर्मग्रामातील स्वयंसेवा आणि कारभारीपण

कॅथलिक चर्चच्या रचनेत धर्मग्राम हा सर्वांत लहान घटक आहे, पण श्रद्धावंताचे जवळजवळ सारे धार्मिक आयुष्य त्याच्याच कक्षेत जाते. बाप्तिस्म्याची नोंद तिथे होते, विवाह तिथे लागतो आणि अंत्यविधीची प्रार्थनाही तिथलेच धर्मगुरू म्हणतात. बिशपांच्या अधिकाराखाली एका प्रमुख धर्मगुरूकडे सोपवलेला, ठरलेल्या सीमांच्या आत राहणारा श्रद्धावंतांचा स्थायी समुदाय, अशी धर्मग्रामाची व्याख्या १९८३ च्या कॅनन कायदा संहितेत, म्हणजे लॅटिन परंपरेच्या कॅथलिक चर्चला जगभर लागू असणाऱ्या अंतर्गत कायद्यात, केलेली आहे. ही सीमा सामान्यतः भूभागाची असते आणि त्याचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही, तो म्हणजे ज्या गल्लीत चर्चची घंटा ऐकू येत नाही तीही कोणत्या ना कोणत्या धर्मग्रामात मोडते आणि तिथल्या माणसांची जबाबदारी कोणावर तरी पडते.

पूर्व नागपुरातील लकडगंज हा भाग या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. लाकडाच्या टाली, आरा मशिनी, विदर्भ आणि मध्य प्रदेशातील जंगलांतून येणारे सागवान, जवळच इतवारीचे रेल्वे स्टेशन आणि बाजारपेठ यांमुळे या भागाची ओळख व्यापारी वस्ती म्हणूनच घडली आहे, आणि ज्या शहराच्या लोकसंख्येत सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरतात, तिथे अशा वस्तीतील कॅथलिक कुटुंबे विखुरलेलीच असणार. इतक्या विखुरलेल्या माणसांचा समुदाय धर्मगुरू एकटे बांधू शकत नाहीत. एखाद्या घरातील वृद्धा महिनाभर मिस्सेला, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेला, आली नाही हे ज्याच्या लक्षात येते आणि जो तिच्या दारापर्यंत जातो, तो बहुधा शेजारच्याच मोहल्ल्यातला, नोकरी किंवा दुकान सांभाळून वेळ काढणारा प्रापंचिक, म्हणजे दीक्षित धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेला सामान्य श्रद्धावंत असतो. धर्मग्राम कागदावर बिशपांच्या आज्ञापत्राने स्थापन होतो, पण प्रत्यक्षात तो उभा राहतो या माणसांच्या पायपिटीवर.

या पायपिटीला मराठीत ‘सेवा’ म्हटले जाते आणि तो शब्द योग्यच आहे, मात्र प्रस्तुत विवेचनात त्याच्या जोडीला ‘कारभारीपण’ ही संकल्पना मुद्दाम ठेवलेली आहे. मराठी बायबलमध्ये धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या माणसाला कारभारी म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानात धनी त्याच्याकडून हिशोब मागतो, पौल करिंथकरांना लिहिताना कारभाऱ्याची एकच कसोटी सांगतो, ती विश्वासूपणाची, आणि पेत्राच्या पत्रात प्रत्येकाला मिळालेली देणगी ही इतरांच्या सेवेसाठी सोपवलेली ठेव मानली आहे. लकडगंजातल्या टालीवरचा मुनीम हा या कल्पनेच्या फार जवळचा माणूस आहे: आवारातील एकही ओंडका त्याच्या मालकीचा नसतो, तरी कोणता माल कधी आला, किती घनफूट भरला, कोणाला गेला आणि कोणाकडे किती येणे आहे हे त्याला ठाऊक असावे लागते, आणि मालक परगावी असला तरी वही रोजच्या रोज लिहावी लागते. वेळ, कौशल्य, पैसा, जमीन, इमारत, पूर्वजांनी लावलेली झाडे आणि घडवलेल्या प्रथा यांपैकी काहीही आपल्या मालकीचे नाही, ते सोपवलेले आहे आणि त्याचा हिशोब द्यायचा आहे, हे मानून केलेले काम म्हणजे कारभारीपण होय. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९२ मध्ये याच विषयावर एक पत्रक काढले, तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्या जगात या संकल्पनेची चर्चा वाढली. तिथे ती पुष्कळदा वर्गणी वाढवण्याच्या मोहिमेपुरती आकसली, ही मात्र खेदाची गोष्ट आहे.

प्रारंभीच्या ख्रिस्ती समुदायाला स्वयंसेवकांची गरज नेमकी कशातून भासली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात नोंदलेले आहे आणि नागपूरच्या वाचकाने ते बारकाईने वाचावे असे आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार उठली. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, चांगल्या नावलौकिकाची सात माणसे समुदायाकडूनच निवडून घेतली आणि वाटपाचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच भाषेतली माणसे कारभारावर आली असावीत असा तर्क अभ्यासक करतात. चर्चच्या इतिहासातील स्वयंसेवेची ही पहिली सविस्तर नोंद भाषिक अल्पसंख्याकांच्या गाऱ्हाण्यातून आलेली आहे, आणि ज्या शहरातील कॅथलिक समाजात मल्याळी, तमिळ, तेलुगू, गोवेकर, मंगलोरी, अँग्लो-इंडियन, छत्तीसगड आणि छोटा नागपूरकडील आदिवासी आणि मराठी भाषक एकाच बाकावर बसतात, त्या शहरात तिचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. समितीत कोण बसतो, सूचना कोणत्या भाषेत दिल्या जातात आणि सणाच्या जेवणात कोण वाढतो व कोण भांडी घासतो, या प्रश्नांची उत्तरे धर्मग्रामाच्या आरोग्याविषयी बरेच काही सांगून जातात.

नागपूरच्या कॅथलिक समाजाची ही बहुभाषिक घडण अपघाताने झालेली नाही. कन्हान नदीकाठी कामठीची लष्करी छावणी १८२१ मध्ये वसली, तिथे मद्रास सैन्याच्या पलटणी राहू लागल्या आणि त्यांच्याबरोबर आयरिश व तमिळ कॅथलिक मध्य भारतात आले. फ्रान्सच्या सीमेवरील सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी येथे पीटर मेरी मर्मिए यांनी १८३८ मध्ये स्थापन केलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे सदस्य १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोचले आणि तिथून त्यांचे कार्य मध्य प्रांतापर्यंत पसरले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात आली, १८७० मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा सुरू झाली, १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील प्रदेश, झाला आणि त्याच वर्षी बंगाल नागपूर रेल्वे कंपनीचीही स्थापना झाली. छावणी, रेल्वे आणि शाळा या तीन संस्थांनी नागपूरचा कॅथलिक समाज घडवला. त्यांपैकी पहिल्या दोन संस्थांतील माणसे बदलीची होती, म्हणजे तीन-चार वर्षांनी बाडबिस्तरा आवरून पुढच्या गावी जाणारी होती. त्यामुळे इथल्या धर्मग्रामात कामाची सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची गरज सतत भासत राहिली असणार. वसईत किंवा गोव्यात एखाद्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चचे एखादे काम चालत येते, तशी सोय नागपुरात फारशी नव्हती. १९५३ मध्ये नागपूरला महाधर्मप्रांताचा, म्हणजे भोवतालच्या धर्मप्रांतांत ज्येष्ठ मानल्या जाणाऱ्या धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि मूळच्या विस्तीर्ण प्रदेशातून अमरावती, रायपूर असे नवे घटक पुढे वेगळे झाले.

या इतिहासात एक वारसा असा आहे की ज्याकडे नागपूरच्याच कॅथलिकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. येथील कॅथेड्रल, म्हणजे आर्चबिशपांचे मुख्य चर्च, ज्यांच्या नावाने आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी भक्तिजीवनावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो मठवासीयांसाठी नव्हता; संसारात, बाजारात, सैन्यात आणि दरबारात वावरणाऱ्या माणसांसाठी होता. सैनिकाची भक्ती, कारागिराची भक्ती आणि गृहिणीची भक्ती या वेगवेगळ्या असणार आणि जी भक्ती माणसाच्या विहित कामाच्या आड येते ती खोटी होय, असा त्यांचा सिद्धान्त आहे. तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या आणि संसारात राहून परमार्थ ही कल्पना अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. दुसरा वारसा संत व्हिन्सेंट पॅलोटी (१७९५–१८५०) यांचा आहे. रोममधील या धर्मगुरूंनी १८३५ मध्ये एक संघटना उभारली. प्रेषितकार्य, म्हणजे श्रद्धेचा प्रसार आणि तिच्या पोटी येणारी सेवा, हे केवळ दीक्षितांचे काम नसून व्यापारी, शिक्षक, मजूर, स्त्रिया आणि मुले अशा प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या माणसाचे आहे, असे ती मानत असे. त्या काळात हे मत अनेकांना धाडसाचे वाटले. पॅलोटींचा संघ मध्य भारतात विसाव्या शतकाच्या मध्यापासून कार्यरत आहे, रायपूरच्या मिशनची जबाबदारी १९६४ मध्ये त्याच्याकडे आली, आणि नागपूर परिसरात त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. हे नाव विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांवर छापले जाते, परंतु त्या नावामागचा विचार शहरातील किती धर्मग्राम-परिषदांच्या बैठकीत चर्चिला जातो, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

पॅलोटींना संतपद मिळाले ते जानेवारी १९६३ मध्ये, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) चालू असताना, आणि त्या परिषदेनेच प्रापंचिकांच्या स्थानाला सैद्धान्तिक पाया दिला. चर्चच्या स्वरूपाविषयीच्या १९६४ च्या दस्तऐवजात प्रापंचिकांवर स्वतंत्र प्रकरण आले आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश निघाला. त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन असे की प्रापंचिकाला सेवेचा अधिकार बाप्तिस्म्यातून मिळतो, धर्मगुरूंनी दिलेल्या परवानगीतून नव्हे. पुढे १९८३ च्या संहितेने या तत्त्वाला व्यवहाराचे रूप दिले. कलम ५३६ नुसार बिशपांना इष्ट वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात सल्लागार परिषद स्थापन करता येते, आणि कलम ५३७ नुसार अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. पहिली ऐच्छिक आणि दुसरी अनिवार्य, हा फरक अर्थपूर्ण आहे. कायद्याने सल्ल्याच्या बाबतीत सवलत ठेवली, पैशाच्या बाबतीत ठेवली नाही. दोन्ही मंडळांचे मत बंधनकारक नसून सल्ल्याच्या स्वरूपाचे असते ही त्यांची मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण सल्ला बंधनकारक नसला तरी तो विचारणे अपेक्षित आहे, आणि ज्या समितीची बैठक वर्षातून एकदा, तीही आधीच झालेल्या खर्चाला मान डोलावण्यासाठी भरते, तिने कायद्याचे अक्षर पाळले असेल, हेतू पाळलेला नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनॉडच्या, म्हणजे बिशपांसह धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक यांनीही मतदान केलेल्या सभेच्या, अंतिम दस्तऐवजात अशा सहभागी मंडळांना अनिवार्य करण्याचा, वार्षिक हिशोब प्रसिद्ध करण्याचा आणि शक्य तिथे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तो तपासून घेण्याचा आग्रह धरलेला आहे.

हिशोबाचा विषय रुक्ष समजला जातो, म्हणून तो जवळून पाहणे अगत्याचे ठरते. रविवारच्या मिस्सेत अर्पणाच्या वेळी बाकांमधून पिशवी किंवा टोपली फिरते, वेदीपर्यंत जाते आणि मिस्सा संपल्यावर ती रक्कम मोजायची असते. सुव्यवस्थित धर्मग्रामात हे काम कधीही एका माणसाकडे नसते. किमान दोघे किंवा तिघे, शक्यतो एकाच कुटुंबातले नसलेले, एका टेबलावर बसून दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांच्या वेगळ्या गड्ड्या लावतात, नाणी वेगळी मोजतात, पाकिटांवर लिहिलेला हेतू पाहून मिस्सेच्या विनंतीचे, गरिबांच्या निधीचे आणि इमारतीच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढतात, नोंदवहीत एकूण आकडा अंकांत आणि अक्षरांत लिहितात, त्याखाली सर्वांच्या सह्या होतात आणि सोमवारी तेवढीच रक्कम बँकेत भरली गेल्याची पावती त्याच पानाला लावली जाते. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि बहुतेक श्रद्धावंत घरी पोचून नाश्ता करत असतात तेव्हा ते चालू असते. कॅनन संहितेच्या कलम १२६७ नुसार विशिष्ट हेतूने दिलेली देणगी त्याच हेतूसाठी वापरावी लागते; म्हणजे विधवेने गरिबांच्या निधीत टाकलेले वीस रुपये ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीला वळवता येत नाहीत, मग दुरुस्ती कितीही निकडीची असो. कलम १२८४ मध्ये कारभाऱ्याने दक्ष कुटुंबप्रमुखासारखे वागावे, जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात, देशाचे कायदे पाळावेत आणि दरवर्षी हिशोब द्यावा असे सांगितले आहे, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या देणग्यांचा हिशोब त्या श्रद्धावंतांनाच द्यावा हे कलम १२८७ मध्ये आहे. पौलाने करिंथकरांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी गोळा केला तेव्हाही त्याने तो एकट्याने नेला नाही. समुदायांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, जेणेकरून इतक्या मोठ्या रकमेबद्दल कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. दोन सह्यांची पद्धत म्हणजे परस्परांवरचा अविश्वास, असे मानणाऱ्यांनी पौलाचा हा व्यवहार पुन्हा वाचायला हवा.

महाराष्ट्रात या अंतर्गत शिस्तीला नागरी कायद्याचीही जोड आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा कायदा नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना हिशोब ठेवणे आणि त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक करतो, आणि कलम ३६ नुसार अशा संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शहरातील जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना या तरतुदीचे महत्त्व वाढलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणा श्रद्धावंताने किंवा मिशनऱ्याने घेतलेली जमीन ही आजच्या विश्वस्तांची नाही, आजच्या श्रद्धावंतांचीही नाही. ती जे अजून जन्मलेले नाहीत त्यांच्यासाठीही राखलेली आहे.

अर्पणाच्या मोजणीसारखेच शांतपणे चालणारे दुसरे एक काम आहे. १८३३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या काही तरुण सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या, पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव घेतलेल्या सोसायटीच्या शाखा भारतातील असंख्य धर्मग्रामांत आहेत. तिची पद्धत जवळजवळ दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही. सभासद नियमाने बैठक घेतात, बैठकीत एक पिशवी फिरते आणि तिच्यात कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नाही. मग सभासद दोघादोघांच्या जोडीने गरजू कुटुंबांच्या घरी जातात, आणि मदत घ्यायला गरिबाने चर्चच्या दारात रांग लावावी अशी अपेक्षा ठेवत नाहीत. ओझानाम यांचे मत असे होते की गरिबाच्या घरी गेल्याशिवाय गरिबी कळत नाही. तांदूळ, डाळ, औषधांची चिठ्ठी किंवा शाळेची फी या गोष्टी यादीत लिहिता येतात, परंतु घरात वीज तोडलेली आहे, थोरल्या मुलीने शाळा सोडून कॅटरिंगवाल्याकडे काम धरले आहे, किंवा म्हाताऱ्याला दिसेनासे झाले आहे आणि ते तो मुलांपासून लपवतो आहे, हे घरी बसल्याशिवाय समजत नाही. मदत कोणाला मिळाली याची वाच्यता सभासद बाहेर करत नाहीत. आजच्या काळात, जेव्हा धान्याचे पाकीट देतानाचा फोटो पाकिटाआधी मोबाइलवर पोचतो, तेव्हा ही गुप्ततेची शिस्त जपणे हेच मोठे कारभारीपण आहे, कारण गरिबाची प्रतिष्ठा हीसुद्धा सोपवलेली ठेव आहे.

महाराष्ट्रात प्रापंचिकांच्या सहभागातून झालेल्या कामाचा सर्वांत ठळक आणि अभ्यासनीय दाखला वसईचा आहे. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या प्रेरणेने वसईतील कॅथलिक शेतकऱ्यांनी सहकारी पतसंस्था उभी केली आणि तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून ओळखली गेली. केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारा हा समाज सावकाराच्या व्याजात अडकलेला होता, आणि एका धर्मगुरूने त्याला केवळ प्रवचन न देता भाग-भांडवल, सभासदत्व, कर्जवसुली आणि वार्षिक सभा या गोष्टी शिकवल्या. भक्तीचा हिशोबाशी संबंध नाही असे मानणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावे. वसईतच १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी, म्हणजे तिथल्या विहिरी, बागायती आणि मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी, लोकचळवळ उभी राहिली, तिच्यात ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे असे सांगणारे परिपत्रक काढले त्याच्या पाव शतक आधीची ही घटना आहे. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाने या समाजाला आपल्याच भाषेत विचार करायला शिकवले, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

गोव्यातील परंपरा याहून जुनी असून ती गुंतागुंतीची आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांची, ज्यांना कोंफ्रारिया म्हणतात, रचना आहे. रंगीत अंगरखे घालून मिरवणुकीत चालणे, सणाचा खर्च उचलणे, चर्चचा निधी सांभाळणे आणि मृत सभासदाच्या अंत्यविधीची जबाबदारी घेणे ही त्यांची कामे. लेखी नियमावली, निवडलेले पदाधिकारी आणि हिशोबाच्या वह्या यांचा दीर्घ अनुभव या संघांनी गोव्याच्या समाजाला दिला हे मान्य केले पाहिजे. परंतु यांपैकी अनेक संघांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीच्या आधारे मर्यादित होते, मिरवणुकीतील स्थान आणि अंगरख्याचा रंग यांवरून वाद झाले, आणि सेवेचा मान हा काही घराण्यांचा वतनदारी हक्क बनला. सेवेचे वतन झाले की कारभारी स्वतःला मालक समजू लागतो. नागपूरसारख्या शहरात वतन नसले तरी त्याची लहान रूपे आढळणे अशक्य नाही: एकच व्यक्ती पंधरा वर्षे गायकवृंदाची प्रमुख राहते, सभागृहाची किल्ली एकाच घरात राहते आणि नव्या माणसाला काम मागितले तर ‘बघू’ असे उत्तर मिळते. ज्याने काम सुरू केले त्यानेच ते दुसऱ्याला शिकवून वेळेवर बाजूला होणे, ही बदलीच्या माणसांनी घडवलेल्या समाजाची जुनी शिस्त पुन्हा अंगी बाणवण्याजोगी आहे.

कारभारीपणाच्या विचाराला विदर्भाच्या मातीतही आधार आहेत आणि त्यांचा उल्लेख टाळणे अनुचित ठरेल. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९३६ मध्ये स्थायिक झालेल्या गांधीजींचा विश्वस्तपणाचा सिद्धान्त, म्हणजे श्रीमंताने आपल्या संपत्तीचा स्वतःला मालक न मानता समाजाचा विश्वस्त मानावे हा विचार, ख्रिस्ती कारभारीपणाच्या अगदी शेजारी बसतो; गांधीजींनी तो गीतेतील अपरिग्रह आणि इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताची कल्पना यांच्या मेळातून घडवल्याचे आत्मकथेत सांगितले आहे. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान यांची जी सांगड घातली तिचा ठसा इथल्या खेड्यापाड्यांवर आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांना रस्तोरस्ती जेवण आणि पाणी देणारे नागपूरकर कोणत्याही समितीच्या हुकुमावाचून उभे राहतात. अशा शहरातील धर्मग्रामाने स्वयंसेवा ही परदेशातून आलेली पद्धत मानण्याचे कारण नाही, आणि आपल्या भिंतीबाहेरच्या सेवेपासून शिकण्यात कमीपणाही नाही.

काही अडचणींची नोंद येथे केलीच पाहिजे. धर्मग्रामातील प्रत्यक्ष काम, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचे वर्ग, वेदीची सजावट, आजाऱ्यांच्या भेटी आणि सणाचा स्वयंपाक, यांचा मोठा भार स्त्रिया उचलतात, मात्र अर्थसमितीच्या टेबलावर त्यांची संख्या त्या प्रमाणात दिसत नाही. सिनॉडच्या अंतिम दस्तऐवजाने जबाबदारीच्या जागी स्त्रियांना आणण्याचा जो आग्रह धरला आहे त्याची अंमलबजावणी धर्मग्रामापासून सुरू व्हावी हे उचित आहे. मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची निवड भलेपणाच्या ऐकीव समजुतीवर सोडता येत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पॉक्सो या नावाने परिचित आहे, अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक करतो, आणि यातून धर्मग्रामही सुटत नाही, धर्मगुरूही नाहीत आणि स्वयंसेवकही नाहीत. बंद खोलीत एकटा शिक्षक आणि एकटे मूल नको, हा साधा नियम ज्यांना जाचक वाटतो त्यांनी मुलांचे वर्ग घेऊ नयेत. शिवाय थकवा हाही खरा प्रश्न आहे: मोजकी माणसे सर्व कामे करत राहतात, त्यांच्यावर घरचे रागावतात, आणि एके दिवशी ती अबोलपणे येणे थांबवतात. धर्मगुरूंची दर काही वर्षांनी बदली होते, नवे धर्मगुरू जुन्या समित्या मोडून नव्या नेमतात, आणि गेल्या दहा वर्षांत काय ठरले होते हे कोणाला सांगता येत नाही. इतिवृत्ताची वही, कामाची लिखित वाटणी आणि ठरलेली मुदत या तीन गोष्टींनी यातले बरेचसे टळते, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने सुरुवात पुस्तकापासून न करता आपल्या धर्मग्रामापासून करावी. कॅनन कायद्याच्या कलम २२२ ने चर्चच्या गरजांना हातभार लावण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले आहे आणि कलम २१२ ने आपले मत चर्चच्या पाळकांपर्यंत पोचवण्याचा हक्क त्याला दिला आहे. तेव्हा लकडगंजात राहणारा असो, इतवारीत किंवा कामठीत राहणारा असो, त्याने आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटून अर्थसमितीचा गेल्या वर्षीचा हिशोब आदराने मागावा, आणि त्याच भेटीत आपण आठवड्यातले दोन तास कोणत्या कामाला देऊ शकतो तेही सांगावे.